पावकी, निमकी आणि औटकी

माझे आजोबा पंतोजींच्या शाळेत धूळपाटीवर अंक गिरवायला शिकले. तिसापर्यंतचे पाढे झाले की पाव, अर्धा, पाऊण यांचे पाढे, म्हणजे पावकी, निमकी, पाउणकी. पुढे सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनपटीची औटकी. दिवेलागणीला या पाढ्यांचा परवचा, म्हणजे मोठ्याने घोकणं, व्हायचा, चुकलं की छडी.

हा खटाटोप बाजारासाठी होता. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे. चार आणे म्हणजे रुपयाचा पाव भाग. सव्वा रुपया पायलीने सात पायल्या ज्वारी घेतली, तर सवायकी येणारा ‘पावणेनऊ’ म्हणून मोकळा. विसरलेला सात धरी, सातची पावकी म्हणजे पावणेदोन मिळवी, की तेच उत्तर. पाठ असलेल्यावरून नसलेलं काढायचं, एवढीच युक्ती. पंतोजी मात्र ती क्वचितच उलगडून सांगत, असं आजोबा म्हणत.

१ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, मागोमाग किलोग्रॅम आला आणि औटकी शाळेतून गेली.

मी प्राथमिक शिक्षक झालो तेव्हा वर्गात दशकांचे गठ्ठे आणि सुट्या काड्या होत्या. चौदा सक? दहा सक साठ, चार सक चोवीस, मिळून चौऱ्याऐंशी. हे मूल स्वतः जुळवतं, म्हणून मला ही रीत छडीपेक्षा शंभरपट बरी वाटते. पण सहाचा पाढाच येत नसेल तर काड्या मांडून काय होणार?

तुमच्या घरात कुणाला अजून औटकी येत असेल, तर त्यांच्याकडून लिहून घ्या.