‘ईस्ट इंडियन’ : एका नावाची जन्मकथा

२०१५ साली मेलबर्नहून माझ्या भाचीच्या मुलीचे पत्र आले. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात त्या काळी बारावीच्या इंग्रजी परीक्षेत एक लेख लिहावा लागे. त्यासाठी नेमलेल्या चार विषयसूत्रांपैकी ‘ओळख आणि आपलेपणा’ हे एक, आणि तिच्या शाळेने तेच निवडले होते. (२०१७ पासून तो प्रश्नप्रकार बंद झाला.) तिने लिहिले होते, “आजोबा, आपण ईस्ट इंडियन म्हणजे नेमके कोण? वर्गात सांगितले तर सर्वांना वाटले, आम्ही कलकत्त्याकडचे. उंबराचे पाणी, बाटलीतला मसाला, फुगे हे सारे मी लिहीनच. नावाचा अर्थ तेवढा दोन ओळींत कळवा.”

दोन ओळींत! मुलीचे वडील वांद्र्याचे आणि आई आमच्या वसईची. म्हणजे प्रश्न घरातच दुहेरी होता, कारण वांद्र्याला जे नाव अभिमानाने मिरवले जाते, ते वसईत पुष्कळांच्या ओठांवर सहजी येत नाही. मी उत्तर लिहायला बसलो आणि चार दिवस बसून राहिलो.

गुजरातच्या बहादूरशहाने डिसेंबर १५३४ मध्ये वसई आणि भोवतालची बेटे पोर्तुगीजांच्या स्वाधीन केली. पुढील दोनशे वर्षांत येथील कोळी, भंडारी, कुणबी, वाडवळ, सामवेदी अशा अनेक समाजांतील कुटुंबे ख्रिस्ती झाली. धर्म बदलला, आडनावे परेरा, डिमेलो, लोपीस झाली. परंतु शेती, भाषा, सोयरिकीची कुंपणे आणि लग्नातील गाणी जागच्या जागी राहिली. संत गोन्सालो गार्सिया याच काळातील. पित्याच्या अंगाने पोर्तुगीज, मातेच्या अंगाने वसईकर. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी ते जपानमधील नागासाकी येथे क्रुसावर हुतात्मा झाले. त्यांना कोणत्या देशाचे म्हणावे, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला असेल, असे वाटत नाही.

मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. गोरे पाद्री निघून गेले, गोमंतकीय धर्मगुरूंनी धर्मग्रामे सांभाळली आणि आमचे पूर्वज मराठ्यांची प्रजा झाले. राज्यकर्ते गेले तरी ‘पोर्तुगीज’ हे बिरुद मात्र आडनावांमुळे आमच्या मानेवर राहिले. इंग्रजांच्या दप्तरात आम्ही ‘पोर्तुगीज’ म्हणूनच नोंदलेले आहोत. लुगडे नेसणारी, मराठी बोलणारी, लिस्बन कोठे आहे हे ठाऊक नसलेली माणसे!

एकोणिसाव्या शतकात मुंबई वाढली. गोव्याहून आणि मंगळुराहून ख्रिस्ती तरुण नोकरीसाठी येऊ लागले. आडनावे तीच, धर्म तोच आणि कचेऱ्यांतील जागा मोजक्या. साहेबाच्या दृष्टीने सारेच ‘पोर्तुगीज’. गोमंतकीय हे खरोखरीच पोर्तुगालच्या राजाची प्रजा होते. आमची मंडळी इंग्रजांची. हा फरक साहेबाच्या कानी घालणे भाग होते. देवळातही तेच दुखणे होते. गोव्याच्या आर्चबिशपांचा अधिकार मानायचा की रोमने थेट नेमलेल्या बिशपांचा, या वादात एकाच गावातले लोक दुभंगले होते. १८८६ च्या करारानेही मुंबईतील हा दुहेरी अधिकार संपला नाही. तो १९२८ साली संपला.

अशा वातावरणात १८८७ साल उजाडले. राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाचा सुवर्णमहोत्सव होता. ते निमित्त साधून मुंबईच्या मूळ ख्रिस्ती पुढाऱ्यांनी ‘पोर्तुगीज’ हे नाव टाकले आणि ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले. त्याच वर्षी मे महिन्यात ‘बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन’ स्थापन झाली. ईस्ट इंडिया कंपनीची आम्ही पश्चिम किनाऱ्यावरील जुनी प्रजा, तेव्हा नोकरीत आमचा हक्क आधी, असा त्यामागचा आशय.

या दाव्याकडे जरा निरखून पाहिले की मौज वाटते. मुंबई बेट कंपनीकडे आले १६६८ साली, म्हणून माझगाव-माहीमच्या रहिवाशांना ते शोभते. साष्टी इंग्रजांनी घेतली १७७४ साली, म्हणजे शंभराहून अधिक वर्षांनी. आणि आमची वसई तर पेशवाईच्या अखेरीस कायमची इंग्रजांकडे गेली. शिवाय खुद्द कंपनी १८७४ सालीच विसर्जित झाली होती. तेरा वर्षांपूर्वी निवर्तलेल्या धन्याचे नाव आम्ही घेतले! नावही कोरे नव्हते. कलकत्त्यातील युरोपीय-भारतीय मिश्रवंशीय समाज ते पूर्वीच वापरत असे. डिरोझिओ यांनी १८३१ साली काढलेल्या पत्राचे नावच ‘द ईस्ट इंडियन’ होते. म्हणजे मेलबर्नच्या वर्गाची चूक अगदीच निराधार नव्हती.

हे सारे लिहून झाले आणि हात थबकला. सतरा वर्षांच्या मुलीला, तेही परीक्षेच्या तोंडावर, तुझ्या समाजाचे नाव हा मुळात नोकरीसाठी केलेला एक अर्ज होता, असे कळवावे काय? तेथे तिला आधीच रोज कोणीतरी ‘तू कुठली?’ असे विचारते. फुगे आणि उंबराचे पाणी पुरले असते.

परंतु मग काका बॅप्टिस्टांची आठवण झाली. जोसेफ बॅप्टिस्टा, जन्म १८६४, माझगावच्या माथारपाखाडीतले. नाव बदलले तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते. राजनिष्ठेची ग्वाही देणाऱ्या त्या नावाचाच हा माणूस १९१६ साली होमरूल लीगचा अध्यक्ष होऊन लोकमान्य टिळकांच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला आणि १९२५ साली मुंबईचा महापौर झाला. नाव कोणत्या हेतूने घेतले आणि ते घेतलेली माणसे पुढे कोठे गेली, हे दोन निराळे हिशोब आहेत, असे मला वाटते. मी पत्र जसे होते तसे धाडले.

आठवड्याने उत्तर आले. त्यात आभार होते, आणि एक प्रश्न : “मग १८८७ च्या आधी आपण स्वतःला काय म्हणत होतो?” मी कळवले, वांद्र्याचे ते वांद्रेकर, कोळी ते कोळी, आणि तुझ्या आईकडचे आम्ही सामवेदी स्वतःला ‘कुपारी’ म्हणतो. हा शब्द पोर्तुगीज ‘कोंपाद्रे’वरून आला असे सांगतात. म्हणजे बाप्तिस्म्यातून जुळलेले सोयरे. साहेबाला दाखवण्यासाठी तो कोणी घडवला नव्हता.

परीक्षा झाल्यावर मी तिच्याकडे लेखाची प्रत मागितली. “तो उत्तरपत्रिकेतच राहिला, आजोबा,” असे तिने कळवले. खाली एक ओळ होती. ‘कुपारी’ देवनागरीत कसे लिहितात, ते तिला हवे होते.