हेलियम हायड्राइड आयन

हेलियम हायड्राइड आयन हा हेलियमचा एक अणू आणि एक प्रोटॉन यांच्या संयोगाने बनणारा धनप्रभारित रेणू आहे. महास्फोटानंतर विश्वात तयार झालेला हा पहिला रेणू आणि त्यातील बंध हा पहिला रासायनिक बंध मानला जातो. प्रयोगशाळेत तो १९२५ साली आढळला. अवकाशातील त्याच्या अस्तित्वाचा निःसंदिग्ध पुरावा मात्र २०१९ साली प्रसिद्ध झाला.

गुणधर्म

या आयनात दोन अणुकेंद्रे आणि दोन इलेक्ट्रॉन असतात. म्हणजेच इलेक्ट्रॉनांच्या संख्येच्या दृष्टीने तो हायड्रोजनच्या साध्या रेणूसारखाच आहे. हेलियम हा निष्क्रिय वायू असल्याने तो कोणाशी बंध जोडतो हेच मुळात नवलाचे वाटते. मात्र प्रोटॉनवरील त्याची पकड अत्यंत सैल असते. समोर येणाऱ्या जवळजवळ कोणत्याही रेणूला हा आयन आपला प्रोटॉन देऊन टाकतो. त्यामुळे तो ज्ञात आम्लांपैकी सर्वांत प्रबळ समजला जातो आणि कोणत्याही पात्रात साठवून ठेवता येत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठातील हॉगनेस आणि लन यांनी हायड्रोजन व हेलियमच्या मिश्रणावर इलेक्ट्रॉनांचा मारा करून तो प्रथम ओळखला.

हेलियमचा स्वतःचा इतिहास याच्या नेमका उलट आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वर्षी सौर वर्णपटातील एका पिवळ्या रेषेवरून त्याचा माग लागला आणि पृथ्वीवर तो १८९५ साली विल्यम रॅम्झी यांना मिळाला. या ग्रहणाचा पट्टा कोकणातून गेल्यामुळे नॉर्मन लॉकयर यांनी हेलियमचा शोध विजयदुर्ग किल्ल्यावरून लावला, अशी समजूत महाराष्ट्रात रूढ आहे. प्रत्यक्षात लॉकयर यांनी ती रेषा त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये, ग्रहण नसताना, इंग्लंडमधून पाहिली होती.

आद्य विश्वातील निर्मिती

प्रारंभीच्या विश्वात हायड्रोजन, हेलियम आणि अत्यल्प लिथियम यांची अणुकेंद्रे व मुक्त इलेक्ट्रॉन होते. तापमान उतरत गेले तशी ही अणुकेंद्रे इलेक्ट्रॉन पकडू लागली. इलेक्ट्रॉन काढून घेण्यास हायड्रोजनपेक्षा हेलियमला अधिक ऊर्जा लागते; म्हणून हेलियमचे उदासीन अणू आधी तयार झाले आणि हायड्रोजनची अणुकेंद्रे, म्हणजे प्रोटॉन, अजून सुटीच होती. तापमान सुमारे ४,००० केल्विनच्या खाली आल्यावर अशा हेलियम अणूंना प्रोटॉन चिकटले व जादा ऊर्जा प्रकाशकणाच्या रूपाने बाहेर पडली.

पुढे हायड्रोजनचे उदासीन अणू उपलब्ध झाले. त्यांच्याशी अभिक्रिया होऊन हा आयन नष्ट होई व हायड्रोजन रेणूचा आयन मागे राही. त्यापासून अखेर हायड्रोजनचा रेणू बने. हायड्रोजन रेणू बनण्याचा हा एकमेव मार्ग नव्हे, पण तो सर्वांत आधी खुला झाला. पहिल्या ताऱ्यांच्या जन्मासाठी हे रेणू महत्त्वाचे ठरतात. सुमारे १०,००० केल्विनच्या खाली हायड्रोजनचे सुटे अणू उष्णता फारशी बाहेर टाकू शकत नाहीत आणि वायू थंड झाल्याखेरीज आकुंचन पावून तारा बनू शकत नाही.

अवकाशातील शोध

हा आयन आजही काही ठिकाणी बनत असावा, असा तर्क १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात मांडला गेला. त्यासाठी ग्रहीय तेजोमेघ योग्य ठरतात. (नावात ग्रह असला तरी त्यांचा ग्रहांशी संबंध नाही; मरणासन्न ताऱ्याने बाहेर फेकलेले ते वायूचे कवच असते.) हंस तारकासंघातील एनजीसी ७०२७ हा तेजोमेघ विशेष अनुकूल होता. तो केवळ सुमारे ६०० वर्षे वयाचा असून त्याचा केंद्रीय तारा अतिशय तप्त आहे. येथे मात्र अभिक्रिया वेगळी घडते: आयनीभूत हेलियम आणि हायड्रोजनचा उदासीन अणू एकत्र येतात.

खरी अडचण निरीक्षणाची होती. या आयनाची प्रमुख वर्णरेषा १४९.१ मायक्रोमीटरवर, दूर-अवरक्त भागात आहे आणि ते प्रारण वातावरणामुळे जमिनीपर्यंत पोहोचत नाही. युरोपीय अवकाश संस्थेच्या आयएसओ या अवकाशीय दुर्बिणीला तेथे काहीतरी दिसले. पण कार्बन-हायड्रोजन मूलकाच्या रेषा अगदी लगत असल्याने त्या उपकरणाला दोन्ही वेगळ्या करता आल्या नाहीत.

हा पेच ‘सोफिया’ने सोडवला. नासा आणि जर्मन अवकाश संस्था यांची ही वेधशाळा बोइंग ७४७ विमानात बसवलेली होती. मे २०१६ मधील तीन उड्डाणांत ‘ग्रेट’ या वर्णपटमापकाने ही रेषा स्वतंत्रपणे टिपली. रॉल्फ ग्युस्टेन व सहकाऱ्यांचा शोधनिबंध एप्रिल २०१९ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. तत्कालीन गणिती प्रतिकृतींच्या भाकितापेक्षा रेषा अधिक तेजस्वी निघाली. २०२० साली याच तेजोमेघात आयनाच्या कंपनाशी निगडित रेषा हवाईतील दुर्बिणीतून मिळाल्याने शोधाला पुष्टी लाभली. सप्टेंबर २०२२ मध्ये सोफियाची वैज्ञानिक उड्डाणे थांबवण्यात आली.

आयन किती टिकत असे?

आद्य विश्वात या आयनाचे प्रमाण किती होते, हे तो कोणत्या वेगाने नष्ट होई यावर अवलंबून आहे. हायडेलबर्ग येथील माक्स प्लांक अणुकेंद्रीय भौतिकी संस्थेत, निरपेक्ष शून्याच्या जवळ थंड ठेवलेल्या एका साठवण-कड्यात हे आयन फिरवून त्यावर प्रयोग झाले. मंद इलेक्ट्रॉनांशी टक्कर होऊन आयन फुटण्याचा वेग पूर्वीच्या समजापेक्षा कमी आढळला (२०१९). त्यावरून आद्य विश्वात तो अधिक प्रमाणात टिकला असावा, असा निष्कर्ष निघाला. २०२५ साली त्याच कड्यातील प्रयोगाने पारडे दुसऱ्या बाजूस झुकवले. साध्या हायड्रोजनऐवजी ड्युटेरियमचे अणू वापरून केलेल्या या प्रयोगात तापमान घटले तरी अभिक्रियेचा वेग मंदावला नाही. तो मंदावेल असे भाकीत करणाऱ्या जुन्या गणनांत त्रुटी असल्याचेही दिसून आले. त्यामुळे अतिप्राचीन काळातील या आयनाचे प्रमाण आधीच्या अंदाजापेक्षा कमी धरावे लागते. त्या काळातील आयनाचे थेट निरीक्षण अद्याप झालेले नाही.