किसपेप्टिनची कुळकथा

वयात येण्याचा हुकूम मेंदूतील ज्या रेणूकडून सुटतो, त्या किसपेप्टिनचे मूळ शोधू गेल्यास ते प्रसूतिशास्त्रात नव्हे, तर कर्करोगाच्या संशोधनात सापडते. १९९६ साली अमेरिकेतील हर्षी या गावी, मेलानोमाच्या पेशींचा शरीरभर होणारा फैलाव रोखणारे एक जनुक डॅनी वेल्च यांच्या प्रयोगशाळेत हाती आले, आणि त्या गावच्या सुप्रसिद्ध ‘किस’ चॉकलेटावरून त्याचे नामकरण झाले. २००१ मध्ये त्या जनुकापासून घडणारे ५४ अमिनो आम्लांचे पेप्टाइड ओळखले गेले. तथापि त्याचा खरा अंमल कोठे चालतो हे उमगले २००३ मध्ये, जेव्हा फ्रान्स व बोस्टन येथील संशोधकांना, यौवन न आलेल्या काही व्यक्तींत, हे पेप्टाइड स्वीकारणारा रेणूच सदोष असल्याचे स्वतंत्रपणे आढळले.

किसपेप्टिनचा हुकूम सुटला की हायपोथॅलॅमसमधून दुसरे संप्रेरक स्रवते, त्याच्या आज्ञेने पीयूषिका ग्रंथी अंडाशयास कार्यप्रवृत्त करते, आणि अंडाशयातून निघालेले इस्ट्रोजेन मेंदूकडे परतून मूळ हुकमास बहुतेक काळ लगाम घालते. याच ज्ञानाच्या बळावर लंडनमध्ये कृत्रिम गर्भधारणेच्या उपचारांत स्त्रीबीज पक्व करण्यासाठी किसपेप्टिन वापरले गेले व त्यातून झालेल्या जन्मांची नोंद २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली.

बीड जिल्ह्यात या साखळीचे महत्त्व निराळ्या आणि दुःखद रीतीने प्रत्ययास येते. मुकादमाची उचल घेऊन फडावर गेलेल्या ऊसतोड स्त्रीला पाळीचा खाडा आणि त्याचा दंड परवडत नाही, म्हणून पाळीच टाळण्यासाठी अनेक जणींचे गर्भाशय, म्हणजे ‘पिशवी’, काढले जाते. २०१९ मध्ये शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीच्या पाहणीत जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची ‘पिशवी’ काढली गेल्याचे आढळले. पिशवीबरोबर अंडाशयही गेले, तर इस्ट्रोजेनचा लगाम अकाली सुटतो. किसपेप्टिन निर्माण करणाऱ्या चेतापेशी अनावर होतात, त्यांच्यातूनच स्रवणारे न्यूरोकायनिन बी हे दुसरे पेप्टाइड देहाच्या उष्णतेचे नियमन बिघडवते, आणि ऐन तारुण्यात अंगाचा दाह सुरू होतो. शिवाय हाडेही ठिसूळ होऊ लागतात. त्या दाहावर, न्यूरोकायनिनचे कार्य रोखणारे औषध अमेरिकेत २०२३ मध्ये मान्य झाले. परंतु जो अवयव राखता आला असता त्याची भरपाई कोणतेही औषध करीत नाही.

म्हणून पिशवी काढण्याचा सल्ला मिळालेल्या प्रत्येक भगिनीने, शस्त्रक्रिया खरोखर अपरिहार्य आहे काय आणि अंडाशय राखता येतील काय, हे दोन प्रश्न निर्भयपणे विचारावेत. त्यांचे उत्तर तिला समजेल अशा भाषेत देणे हे वैद्याचे कर्तव्य आहे.