टायटनवरील समुद्र

टायटन या शनीच्या सर्वांत मोठ्या उपग्रहावरील मिथेन, इथेन व त्यांत विरघळलेला नायट्रोजन यांचे द्रवरूप साठे. पृथ्वीखेरीज सूर्यमालेत उघड्यावर द्रव टिकून असल्याचे हे एकमेव ज्ञात ठिकाण होय. तेथील तापमान सुमारे −१७९° से. आहे. क्राकेन मारे (सुमारे ४ लाख चौ. किमी.), लिजीया मारे व पुंगा मारे हे तिन्ही समुद्र उत्तर ध्रुवाभोवती आहेत.

दाट नारिंगी धुरक्यामुळे साध्या कॅमेऱ्यांना टायटनचा पृष्ठभाग स्पष्ट दिसत नाही. शनीभोवती फिरणाऱ्या कॅसिनी यानाच्या रडारला जुलै २००६ मध्ये उत्तरेकडे काळेभोर पट्टे आढळले. सपाट द्रवावर तिरप्या पडलेल्या रडारलहरी पुढे निघून जातात, यानाकडे परतत नाहीत. म्हणून तो भाग काळा उमटतो. जुलै २००९ मध्ये जिंगपो या सरोवरावर चमकलेले सूर्याचे प्रतिबिंब यानाच्या अवरक्त उपकरणाने टिपले आणि द्रवाविषयीची उरलीसुरली शंकाही मिटली.

सर्वांत मोलाचे निरीक्षण मे २०१३ चे. लिजीयावरून जाताना यानाने रडार सरळ खाली रोखले. प्रत्येक स्पंदाचे दोन प्रतिध्वनी आले : पहिला पृष्ठभागावरून, दुसरा तळावरून. द्रवातील मिथेन रेडिओलहरी फारशा शोषत नाही, म्हणूनच हे साधले. दोहोंमधील कालांतरावरून सुमारे १६० मी. खोली निघाली, तर पहिल्याच्या प्रखरतेवरून पृष्ठभागाचा खडबडीतपणा जेमतेम १ मिमी. ठरला. टायटनचे गुरुत्व पृथ्वीच्या सातव्या हिश्शाइतके असल्याने थोड्या वाऱ्यानेही तेथे लाटा उठायला हव्यात. तेव्हा ही निश्चलता बहुधा मंद वाऱ्याची खूण असावी.

तरीही हे समुद्र अगदीच निपचित नाहीत. जुलै २०१३ मध्ये लिजीयात, आधीच्या चित्रांत नसलेला एक तेजस्वी ठिपका दिसला व नंतर नाहीसा झाला. लाटा, बुडबुडे किंवा तरंगते घन पदार्थ अशी त्याची स्पष्टीकरणे दिली जातात. निर्णय झालेला नाही. यानाने २०१४ मध्ये समुद्रांवर सोडलेले रेडिओसंकेत परावर्तित होऊन पृथ्वीवर टिपले गेले होते. त्यांच्या २०२४ मधील विश्लेषणात काही मिमी. उंचीचे तरंग आढळले. नदीमुखांजवळ ते किंचित मोठे असून भरती-ओहोटीच्या प्रवाहांशी त्यांचा संबंध असावा.

कॅसिनी मोहीम सप्टेंबर २०१७ मध्ये संपली. नासाचे नियोजित ड्रॅगनफ्लाय हे यान विषुववृत्ताजवळच्या वालुकाटेकड्यांत उतरणार आहे. ते या समुद्रांकडे जाणार नाही.