अहिराणी ओवी आणि मोबाइलमधला इक्वलायझर

मोबाइलमधील इक्वलायझर उघडला की रॉक, पॉप, जॅझ अशा तयार मांडण्या समोर येतात. जात्यावरच्या अहिराणी ओवीसाठी त्यांत मांडणी नाही.

या यंत्राचा जन्म संगीताच्या हौसेतून झालेला नाही. टेलिफोनच्या लांबलचक तारेतून जाताना उंच स्वर मंद्र स्वरांपेक्षा अधिक क्षीण होत. ती तूट भरून सर्व स्वर पुन्हा समान पातळीवर आणणारे मंडल, म्हणून नाव 'इक्वलायझर'. ठेका दणदणीत करण्याची हौस पुष्कळ नंतरची.

मग खान्देशच्या आवाजाची तूट कोठे झाली?

आकाशवाणी जळगाव मध्यम लहरींवर, ९६३ किलोहर्ट्झवर. १९७८ पासून आपल्याकडे या लहरींवरील केंद्रांत ९ किलोहर्ट्झचे अंतर असते. शेजारच्या केंद्राचा उपद्रव टाळण्यासाठी घरगुती रेडिओ साधारण ४-५ किलोहर्ट्झच्या वरचा ध्वनी गाळून टाकीत. 'स', 'श' यांची धार बरीचशी तेथेच असते. धुळ्याच्या घरात टू-इन-वनवर तो कार्यक्रम कॅसेटवर उतरवला, तर ती धार फितीपर्यंत पोहोचतच नसे. फितीची सळसळ तेवढी भर म्हणून मिळे. आज त्या ध्वनिमुद्रणाची 'ट्रेबल' कितीही चढवा, सळसळच वाढेल. जे मुळात आले नाही, ते इक्वलायझर कोठून आणणार?

घरी मायक्रोफोनसमोर गाऊन घेतलेल्या ओव्यांची गोष्ट वेगळी, आणि मोलाची. खान्देशी बोलीचे नमुने ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाच्या नवव्या खंडात १९०७ साली छापले गेले. पण बोलीचा हेल कागदावर उतरत नाही. तो अशा कॅसेटींत आहे, आणि फिती झिजत चालल्या आहेत.

त्या मोबाइलवर घेताना आधी टेपवरील 'नॉर्मल–क्रोम' खटका पाहावा. तोही एक इक्वलायझरच: साध्या फितीला १२० मायक्रोसेकंद, क्रोमला ७०. साधी फीत क्रोमच्या खुणेवर वाजवली, तर उंच स्वर ४-५ डेसिबलने दबतात आणि आजीचा आवाज गोधडीआडून आल्यासारखा वाटतो.

मूळ प्रत इक्वलायझर बंद ठेवूनच जतन करावी. फेरफार फक्त ऐकताना. शब्द उमटत नसतील तर २ ते ४ किलोहर्ट्झची पट्टी २-३ डेसिबल वर न्यावी, २०० हर्ट्झखालची थोडी उतरवावी. जात्याची घरघर मात्र पार पुसून टाकणे मला पटत नाही. ओवीला साथ तिचीच होती.