राखणदाराचा पेच

अरण्य राखायचे म्हणजे नेमके काय करायचे? सीमा आखावी, पहारा बसवावा, कुऱ्हाड आणि बंदूक बाहेर ठेवावी, की झाले, असे आपण सहसा धरून चालतो. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात सिएरा नेवाडा नावाची पर्वतराजी आहे. तिच्या पश्चिम उतारावरील सिक्वोया वृक्षांचा इतिहास पाहिला, म्हणजे राखणदाराचे काम याहून किती अवघड आहे ते कळते.

हे वृक्ष खरोखरच अजस्र. त्यांतील 'जनरल शर्मन' या वृक्षाची उंची सुमारे ८४ मीटर, तर बुंध्याची रुंदी जमिनीलगत ११ मीटर. तोडलेल्या एका झाडाच्या खोडात ३,२००हून अधिक वलये मोजली गेली; म्हणजे गौतम बुद्धांच्या जन्माआधी कित्येक शतके ते रुजले होते. असली झाडे लाकूडतोड्यांनी एकोणिसाव्या शतकात पाडली. लाकूड ठिसूळ, पडतानाच त्याचे तुकडे होत. मग त्यातून छपराच्या फळ्या आणि द्राक्षवेलींचे खुंट काढायचे! हे थांबावे म्हणून २५ सप्टेंबर १८९० रोजी तेथे राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले आणि पुढच्याच वर्षी घोडदळाचा पहारा बसला.

राखणदारांनी कुऱ्हाड थांबवली, त्याचबरोबर आगही थांबवली. वणवा हा अरण्याचा शत्रू, हे त्यांना स्वयंसिद्ध वाटे. तेथील मूळ रहिवासी जमाती रानात अधूनमधून आग लावीत, तीही प्रथा बंद पडली. दिसायला अरण्य सुरक्षित झाले; पण महावृक्षांखाली नवी रोपे दिसेनात.

याचे कारण विसाव्या शतकाच्या मध्यास रिचर्ड हार्टेसवेल्ट आदी संशोधकांनी उलगडून दाखवले. या झाडाची शंकूसारखी फळे आगीच्या धगीने वाळून उघडतात. बी चिमुकले, त्याला पालापाचोळा जळून उघडी पडलेली माती आणि वरून ऊन लागते. हातभर जाड सालीमुळे थोरला वृक्ष मात्र साधी आग सहज सोसतो. शत्रू म्हणून जिला हाकलले, ती तर या झाडाची सुईण होती! १९६३ साली स्टार्कर लिओपोल्ड यांच्या समितीने उद्यानांच्या व्यवस्थेविषयीचा गाजलेला अहवाल दिला आणि १९६८पासून या अरण्यात बेताने, मुद्दाम आग लावण्यास आरंभ झाला.

गोष्ट येथे सुखान्त व्हायची. पण तोवर हवामान बदलू लागले होते. २०१२ ते २०१६ या काळात कॅलिफोर्नियात भीषण अवर्षण पडले. उष्णता वाढलेली, रान कोरडे, आणि पूर्वीच्या आगबंदीने साठलेले जळण जागोजाग तसेच पडलेले. २०२०च्या 'कॅसल' वणव्यात थोर सिक्वोयांपैकी १० ते १४ टक्के मेले. पुढच्याच वर्षीच्या वणव्यांत आणखी ३ ते ५ टक्के गेले. हजारो वर्षे आगी पचवलेले वृक्ष दोन वर्षांत कोळसा झाले. अनेक ठिकाणी धग इतकी, की बीही जळून गेले. जनरल शर्मनच्या बुंध्याला २०२१ साली अॅल्युमिनियमचे अग्निरोधक वेष्टन गुंडाळावे लागले. तो परिसर वाचला, त्यात पूर्वी बेताने लावलेल्या आगींचा मोठा वाटा होता.

आता राखणदारासमोर नवा प्रश्न उभा आहे. जुने हवामानच उरले नाही, तर अरण्य जुन्यासारखे कसे ठेवायचे? अमेरिकेच्या उद्यान खात्याने अलीकडे तीन वाटा मांडल्या आहेत: बदल थोपवावा, बदल स्वीकारावा, किंवा त्याला वळण द्यावे. एकच भविष्य गृहीत न धरता, संभवनीय अशी अनेक भविष्ये समोर ठेवून योजना आखायची, अशीही रीत तेथे रूढ होत आहे.

२०२३ साली खात्याने होरपळलेल्या काही राईंत हाताने रोपे लावण्याचे ठरवले. त्यावर आक्षेप आला. रानाला माणसाने हात लावू नये, असे वचन अमेरिकेने १९६४च्या कायद्याने दिले आहे. लागवड केलेले रान ते रान कसले? हा आक्षेप मला पोकळ वाटत नाही. निसर्गावर उपकार करण्याच्या भरात माणसाने काय केले, हे आगबंदीच्या इतिहासात दिसलेच आहे.

तरीही मी रोपे लावणाऱ्यांच्या बाजूचा आहे. हवा तापवून माणसाचा हात त्या रानाला केव्हाच लागला आहे. आता तो मागे घेतल्याने रान अस्पर्श होत नाही, फक्त निराधार होते. मात्र योजना करणाऱ्याने १८९०च्या पहारेकऱ्यांची आठवण ठेवावी. तेही प्रामाणिक होते, आणि त्यांच्या निश्चयाचे फळ कळायला साठ-सत्तर वर्षे लागली. म्हणून लावलेल्या प्रत्येक रोपाची नोंद ठेवावी, काही राई तुलनेसाठी तशाच सोडाव्यात, आणि पुढच्या राखणदाराला आपला निर्णय फिरवता येईल एवढी जागा आजच ठेवून द्यावी.