टीपालेखन, ब्राउझरमधील

संगणकीय दस्तऐवज ब्राउझरमध्ये उघडून, मूळ मजकुराला हात न लावता त्यावर रंगखुणा, अधोरेखन, समासटिपा किंवा रेखाटन करण्याची पद्धत. पोथ्यांचे लेखक पाठभेद समासात लिहीत, गळलेल्या अक्षराच्या जागी हंसपद काढीत आणि चुकलेले अक्षर हरताळाने झाकीत. पोथीतल्या या खुणा मूळ पानावरच राहत; ब्राउझरमधील टिपा मात्र मुळापासून वेगळ्या साठवता येतात आणि नको तेव्हा लपवताही येतात. एका पानावर अनेकांनी लिहूनही पान स्वच्छ राहते, हा या पद्धतीचा सर्वांत मोठा गुण होय.

१९९३ च्या मोझॅक ब्राउझरमध्ये पानाला टीप जोडण्याची सोय होती, पण ती पुढे रुजली नाही. २०११ मध्ये सुरू झालेल्या हायपोथेसिस या मुक्त प्रकल्पाने तिला पुन्हा बळ दिले. २०१७ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने टिपांचे सामाईक मानक मंजूर केले. फायरफॉक्सच्या १०६ व्या आवृत्तीपासून (२०२२) पीडीएफवर मजकूर लिहिणे व रेखाटणे ब्राउझरमध्येच शक्य झाले.

टीप मजकुराशी बांधली जाते ती निवडलेल्या शब्दांवरून आणि त्यांच्या मागच्या-पुढच्या काही अक्षरांवरून. मराठीत अडचण इथेच येते. ‘शेतकऱ्या’मधला अर्धा ‘र’ हा ‘ऱ’ला हलन्त जोडून लिहिता येतो, तसाच ‘र’, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह वापरूनही. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ते वेगळे वाटतात. मजकूर नव्याने टंकित झाला की जुनी टीप आपली जागा हरवू शकते. जुन्या, यूनिकोडपूर्व फॉन्टमधील पीडीएफमध्ये तर पडद्यावर मराठी दिसते आणि निवडलेला मजकूर निरर्थक रोमन चिन्हांचा निघतो. म्हणून मराठी दस्तऐवज यूनिकोडमध्ये असणे ही टीपालेखनाची पहिली अट मानावी. केवळ छायाचित्र असलेल्या पानावर शब्द निवडताच येत नाहीत. तेथे चौकट आखून तिच्या स्थानाशी टीप जोडतात.

या पद्धतीची खरी गरज कुठे भासते याचे एक उदाहरण म्हणजे हिंगोली जिल्ह्याचा वाङ्मयीन वारसा. जिल्ह्यातील नर्सी हे परंपरेने संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. महाराष्ट्र शासनाने १९७० मध्ये ‘श्री नामदेव गाथा’ प्रकाशित केली. परंतु नामदेवांच्या नावावरील अभंगांत नंतरच्या विष्णुदास नामा या कवीच्या रचना मिसळल्याने कोणता अभंग कोणाचा, हा वाद अभ्यासकांत आहे. अशा ग्रंथात पाठ न बदलता प्रत्येक अभंगाशेजारी कर्तृत्वाचा पुरावा, पाठभेद आणि मतभेद नोंदवणे हेच योग्य संपादन ठरते. नामदेवांची ६१ पदे गुरुग्रंथ साहिबात आहेत. ती आणि मराठी गाथा परस्परांच्या समासातून जोडता आली तर अभ्यासकाचे काम किती सुकर होईल!

जिल्ह्याच्या प्रशासकीय कागदांनाही टिपांचा उपयोग आहे. १ मे १९९९ रोजी परभणीपासून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. त्याआधीच्या नोंदींत हिंगोली, कळमनुरी, वसमत हे तालुके परभणीखालीच सापडतात. तेथे समासात आजचा जिल्हा लिहिला की वाचक अडखळत नाही. अंकीय स्वाक्षरीच्या सातबाऱ्यावर मात्र खूण करून तीच फाइल जतन करू नये. पडताळणीत स्वाक्षरीनंतर बदल झाल्याचे दिसू शकते. मूळ प्रत तशीच ठेवून खुणा दुसऱ्या प्रतीवर कराव्यात.